खडू मोजता येत नाही

मामा : मॅडम, मॅडम, हा मला चिमटा काढतोय!

लेक : कोण चिमटा काढतोय? तुझ्या शेजारी इस्त्री आहे, मामा.

मामा : मामा कोण? मी शेवटच्या बाकावरचा मुलगा. उद्या असला एखादा बसलेला असणारच. त्यालाही मामा म्हणणार आहेस?

लेक : आई, सांग ना याला. उद्या पहिल्या तासाला माझा डेमो आहे आणि याला नाटकं सुचतायत.

आई : तूच म्हणालीस ना, तुम्ही दोघं वर्ग व्हा म्हणून. मग वर्गात एखादा असा निघायचाच. तू शिकव, मी ऐकतेय.

लेक : ऐकतेस कुठे? मशीन चालूच आहे तुझं.

आई : अगं, सोमवारपासून नवा गणवेश सक्तीचा आहे. मशीन बंद ठेवलं तर निम्म्या पोरी एका बाहीच्या जातील शाळेत. बरं, राहू दे. हाताने काजं करते, त्याचा आवाज नाही होत. चालेल?

लेक : चालेल. मामा, तू हसू नकोस हं. दोन वर्षं मी बदलीवर फिरतेय. कोणी बाळंतपणाला गेली की मी शाळेत, ती परत आली की मी घरी. ही कायमची जागा आहे. मुख्याध्यापिका स्वतः मागे बसून बघणार आहेत.

मामा : नाही हसत. पण तू सुरुवात तरी कर. नमनालाच घडाभर तेल.

लेक : गुड मॉर्निंग, चिल्ड्रन.

मामा : गुड मॉऽऽऽर्निंग टीऽऽचर!

आई : अरे हळू! सुई टोचली ना मला.

लेक : आज आपण शिकणार आहोत नाउन. नाउन म्हणजे नाम. माणसाचं, जागेचं, वस्तूचं, नाहीतर एखाद्या कल्पनेचं नाव. आता या खोलीतली एक एक वस्तू सांगा बघू, इंग्रजीत.

आई : मशीन.

लेक : व्हेरी गुड. तू?

मामा : भूक.

लेक : खोलीतली वस्तू म्हटलं मी.

मामा : खोलीतच आहे. माझ्या पोटात.

लेक : तो ॲब्स्ट्रॅक्ट नाउन झाला. तो सगळ्यात शेवटी येणार आहे. पाठाचा क्रम नको बिघडवूस.

मामा : भुकेला क्रम कळला असता तर काय पाहिजे होतं.

लेक : पुढे. कॉमन नाउन आणि प्रॉपर नाउन. 'गर्ल' म्हटलं की कुठलीही मुलगी, ते कॉमन. पण हजेरीत जिचं नाव पुकारलं ती एकच उठते. ते तिचं नाव म्हणजे प्रॉपर. आणि लक्षात ठेवा, त्याचं पहिलं अक्षर नेहमी कॅपिटल, म्हणजे मोठं.

आई : का गं?

लेक : का म्हणजे?

आई : नाही, आपल्याकडे अक्षरं सगळी एका उंचीची. राजाचं नाव लिहा नाहीतर रद्दीवाल्याचं, वरची रेघ सारखीच. त्यांच्यात नावाचं पहिलंच अक्षर तेवढं का उभं करतात?

लेक : नियम आहे, आई.

आई : बरं.

लेक : नंतर कलेक्टिव्ह. समूहाचं नाव. टीम, क्लास, फॅमिली. शब्द एकच, पण आत माणसं पुष्कळ.

मामा : म्हणजे बाहेर एकच पाटी आणि आत भांडणं.

लेक : मामा! नंतर मटेरिअल नाउन. ज्या पदार्थापासून वस्तू बनते त्याचं नाव. कॉटन, वूल, आयर्न.

मामा : आयर्न तर माझ्या हातात आहे. इस्त्री.

लेक : ते वेगळं आयर्न. हे लोखंडाचं आयर्न.

मामा : माझीही लोखंडाचीच आहे. उचलून बघ, खांदा निखळेल.

लेक : तू खरंच शेवटच्या बाकावरचा आहेस. हं, आता नीट ऐका, हा भाग महत्त्वाचा आहे. काही नामं मोजता येतात. बटण. वन बटन, टू बटन्स. काही नामं मोजता येत नाहीत. वॉटर, कॉटन, चॉक.

आई : चॉक म्हणजे?

लेक : खडू.

आई : खडू मोजता येत नाही?

लेक : नाही.

आई : हा बघ माझा कापडावर खुणा करायच्या खडूंचा डबा. एक निळा, एक पांढरा, एक पिवळा. झाले की मोजून.

लेक : मराठीत मोजतो. इंग्रजीत नाही मोजत. पीस ऑफ चॉक म्हणायचं. खडूचा तुकडा.

आई : पण हा तर अख्खा आहे. काल आणलाय.

लेक : अख्खा असला तरी तुकडाच.

आई : अख्खा तुकडा?

मामा : घ्या! आता बोला मॅडम.

आई : आणि पडून मोडला तर?

लेक : तर टू पीसेस ऑफ चॉक.

आई : म्हणजे मोडल्यावर दोन मोजायचे, पण डब्यातले तीन मोजायचे नाहीत. असं का?

लेक : आई, पुस्तकात तसं आहे म्हणून तसं आहे! तेवढं पाठ करायचं आणि पुढे जायचं. एका खडूवर अडून बसलीस तर माझा तास जाईल. अजून ॲब्स्ट्रॅक्ट राहिलंय!

आई : कळलं, कळलं.

लेक : नक्की?

आई : हो गं. कळलं, कळलं. तू पुढे शिकव.

(शिलाई मशीन सुरू होतं.)

लेक : आता ॲब्स्ट्रॅक्ट नाउन. जे डोळ्यांना दिसत नाही, ज्याला हात लावता येत नाही, ते. ऑनेस्टी, फिअर, लव्ह. समजलं?

आई : समजलं.

लेक : मग दे बघू एक उदाहरण.

आई : तू दिलीस ना आत्ता, तीच.

लेक : मामा, तू सांग. मामा? का रे, संपले तुझे चिमटे? गप्प का झालास?

मामा : तुझ्या वर्गातली एक मुलगी गेली.

लेक : गेली म्हणजे?

मामा : बसलीय बाकावर. पण गेली.

लेक : कोण, आई? ती तर समजलं म्हणतेय.

मामा : तेच तर. तुझी आई एकदा 'कळलं' म्हणाली की कळलेलं असतं. दोनदा म्हणाली की समजायचं, डोक्यावरून पाणी गेलं. आम्ही लहान होतो तेव्हापासूनचं आहे हे. घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

लेक : मला कुठे ठाऊक आहे?

मामा : तुला कसं असणार? तुला तर ती कायमच...

आई : ए, तू तुझ्या इस्त्रीकडे बघ. कॉलर पिवळी पडेल.

लेक : आई, मशीन बंद कर. माझ्याकडे बघ. खडूचं कळलं तुला?

आई : नाही.

लेक : मग कळलं का म्हणालीस?

आई : तू चिडलीस म्हणून. चिडलेल्या माणसाला परत विचारलं की तो तेच अजून मोठ्याने सांगतो. त्याने काय कळणार?

लेक : मी चिडले नव्हते.

मामा : नव्हतीस. नुसती कडाडलीस.

लेक : शाळेत पण असंच करायचीस तू?

आई : सगळ्याच करायच्या. आमच्या बाई काही वाईट नव्हत्या गं. घाईत असायच्या. 'समजलं का' हा काही प्रश्न नसतो, त्याला 'हो' म्हणायचं असतं, एवढं पोरांना पहिल्या आठवड्यातच कळतं. मीही हो म्हणायचे. आणि असं हो हो करता करता एक दिवस फळ्याकडे बघितलं तर त्यावर काय चाललंय याचा मला पत्ताच नव्हता. बरं, विचारावं तर सुरुवात कुठून करावी, तेही ठाऊक नाही. मग बसले गप्प. पुढे शिवणाच्या क्लासला घातलं मला, तेव्हा बरं वाटलं. इथे चुकलं की बाही उलटी येते, लगेच दिसतं.

लेक : थांब जरा. मी शाळेतून यायचे, दप्तरसुद्धा न काढता या स्टुलावर चढायचे आणि तुला शिकवायचे. रोज. आठवतं?

आई : आठवतं तर. त्या कपाटाच्या दारावर लिहायचीस. माझेच खडू संपवायचीस.

लेक : भूगोल, अपूर्णांक, इंग्रजी, जे शाळेत झालं असेल ते सगळं. आणि शेवटी विचारायचे, कळलं का? तेव्हा तू काय म्हणायचीस?

आई : झालं ते झालं. कशाला उकरतेस?

लेक : काय म्हणायचीस, आई?

मामा : कळलं, कळलं. रोज. मी इथेच उभा असायचो.

लेक : म्हणजे एकदाही कळलं नव्हतं?

आई : एकदाही कसं? वारे कसे वाहतात ते कळलं होतं. अपूर्णांक चांगले कळले, ते कापडात लागतात. इंग्रजी मात्र नाही कळलं कधी.

लेक : अगं, इंग्रजीच तर मी सगळ्यात जास्त शिकवलं तुला! कॉलेजात मैत्रिणींना सांगायचे मी. म्हणायचे, माझी आई शाळा फार शिकलेली नाही, पण मी सांगितलं की तिला एका दमात कळतं. म्हणून तर मी या वाटेला आले. मला वाटायचं, माझ्यात काहीतरी आहे. मी सांगितलं की समोरच्याला कळतं.

आई : तू इतकी खुशीत असायचीस ना. वर्गात तुला कोणी बोलू द्यायचं नाही, ते सगळं साठवून धावत यायचीस. गाल लाल, रिबीन सुटलेली. एवढ्याशा पोरीला मी काय तोंडावर सांगू, नाही कळलं म्हणून?

मामा : बाकीच्या आया खाऊ देऊन पोरांना बिघडवतात. हिने 'हो' म्हणून बिघडवलं.

लेक : मामा, गंमत नको करूस. मागच्या शाळेत डेमो झाल्यावर तिथल्या मुख्याध्यापिका मला काय म्हणाल्या होत्या, माहितीये ना? विषय येतो, वर्ग येत नाही. मी महिनाभर त्यांना शिव्या घातल्या. आणि तू, आई, तू म्हणालीस, त्यांना काय कळतंय.

आई : म्हणाले होते.

लेक : त्यांना बरोबर कळलं होतं. मला फार वाईट वाटतंय आत्ता. खरं सांग, मला शिकवता येतं का गं?

आई : ते मला नको विचारूस.

लेक : तुला नाही तर कोणाला विचारू?

आई : मी 'येतं' म्हटलं तर तुझा विश्वास बसेल? माझ्या 'हो'ची किंमत तुला आत्ताच कळलीय.

मामा : ताई, अगं उद्या तिचा डेमो आहे! आज पोरीचा धीर कशाला खचवतेस?

आई : आजच बोललेलं बरं. हे बघ बाळा, उद्या समोर वर्गभर मुलं असतील. चिमटे काढणारा तुला आपोआप दिसेल, तो दिसायलाच बसलेला असतो. पण माझ्यासारखी मान डोलावणारी असेल ना, ती नाही दिसायची. आणि तशाच जास्त असतात.

लेक : मग दिसायची कशी ती मला?

आई : मला शिकव. आज मी तुला खोटं हो म्हणणार नाही.

लेक : आणि मी चिडले तर?

आई : तर चीड. मीही चिडेन. पण हो नाही म्हणणार.

मामा : मी काय करू? मला बढती द्या, मी मुख्याध्यापिका होतो. मागे बसून नाक मुरडतो.

लेक : तू बटणांचा डबा दे आणि गप्प बस. हं. पुस्तक ठेवते बाजूला.

आई : आणि क्रम?

लेक : क्रम गेला खड्ड्यात. आधी तुझा खडू. हे बघ, हे कापड. एक कापड, दोन कापडं, असं आपण म्हणत नाही, बरोबर? मीटर म्हणतो.

आई : म्हणतो की. कालच ती कोपऱ्यावरची बाई दोन कापडं टाकून गेली. ही काय.

लेक : अं... खरंच की. बरं, कापड राहू दे. पाणी घे. एक पाणी, दोन पाणी, असं कोणी म्हणतं?

मामा : हॉटेलात म्हणतात. 'दोन पाणी आण रे!'

लेक : मामा!

मामा : अगं, उद्या एखादा म्हणाला तर? माझ्यावरच तयारी करून घे.

लेक : थांबा. मला विचार करू दे. आई, उशीत भरायला कापूस आणतेस तो कसा मागतेस?

आई : वजनावर.

लेक : नग का नाही मोजत?

आई : कापसाचे कसले नग? ओढला की लांबतो. तोडला तर इकडेही कापूस, तिकडेही कापूस.

लेक : आता हे बटण घे. हे तोडलं तर?

आई : तर ते बटण कुठे राहिलं? फेकूनच द्यायचं.

लेक : आणि खडू तोडला तर?

आई : तोडला तर... इकडेही खडू, तिकडेही खडू. दोन्हींनी खुणा होतातच.

लेक : म्हणून इंग्रजीने त्याला बटणांच्या डब्यात नाही ठेवलं, कापसाच्या पोत्यात टाकलं. तो कितीही अख्खा दिसला तरी त्यांच्या लेखी मोठ्या ढिगातून काढलेला एक तुकडाच. मोजायचे ते तुकडे. खडू मोजायचा नाही.

आई : अस्सं! मग तसं सांग ना. कळलं.

मामा : झालं! मुख्याध्यापिकाबाई उठल्या, टाळ्या वाजवल्या, नेमणूक दिली.

आई : पण मग पेन्सिल? पेन्सिल तोडली तरी इकडे पेन्सिल, तिकडे पेन्सिल. ती मोजतात का?

लेक : मोजतात.

आई : का?

लेक : माहीत नाही, आई. खरंच माहीत नाही. माझं हे कापसाचं सगळीकडे नाही चालत. शोधून सांगेन तुला.

आई : सांग. मला घाई नाही.

मामा : बघ बरं, जमीन दुभंगली का? 'माहीत नाही' म्हणाली आणि छत जागच्या जागी आहे.

लेक : मोठ्या अक्षराचंही शोधून सांगेन. मघाशी उडवूनच लावलं मी तुला. आता ॲब्स्ट्रॅक्ट घेऊ? दमली नाहीस ना?

आई : घे, घे. एवढी काजं होईस्तोवर घे.

लेक : बरं. जे असतं, पण हाताला लागत नाही, त्याचं नाव म्हणजे ॲब्स्ट्रॅक्ट नाउन. सुई हाताला लागते. कापड लागतं. पण मामाची भूक? माझी घाई? उद्याची भीती वाटतेय मला, ती दाखव म्हटलं तर कुठे दाखवू?

आई : भीती वाटतेय?

लेक : खूप. पण ते नंतर. आधी सांग, तू मघाशी सुई टोचून घेतलीस ना, ते दुखणं कशात बसेल?

आई : दुखणं तर हाताला लागलं की. हे काय, या बोटात आहे.

लेक : बोट हाताला लागतं. सुई लागते. पण दुखणं वेगळं काढून या टेबलावर ठेवता येईल का? बटणासारखं?

आई : नाही येणार.

लेक : म्हणून बोट कॉमन आणि दुखणं ॲब्स्ट्रॅक्ट.

आई : मग ही इस्त्रीतून येतेय ती ऊब? ती तर हाताला लागते, पण टेबलावर ठेवता येत नाही. आणि कपाटाच्या दाराचा रंग? तो दिसतो, पण काढून ठेवता येत नाही. ही कुठे बसवायची?

लेक : ती... हे बघ, असं आहे, की ज्याचा आपल्याला अनुभव येतो, पण ज्याला स्वतःचं असं अंग नसतं, ते सगळं ॲब्स्ट्रॅक्टमध्ये जातं. गुण, अवस्था, भावना. रंग हा गुण झाला, ऊब ही अवस्था झाली. आता?

आई : नाही.

लेक : काय नाही?

आई : नाही कळलं.

मामा : गेली! आता बघा, मॅडमच्या नाकाचा शेंडा लाल झाला. आता कडाडणार.

लेक : नाही कडाडत. गप्प बस तू. आई, ती सुई ठेव जरा खाली.

आई : ठेवली.

लेक : कुठपर्यंत कळलं होतं?